संघाचे नाव

अल्जीरियातील डोंगराळ भागातल्या तिझी वुझू या शहरी १९४६ साली, फ्रेंच अमदानीत, ‘जेएस काबिली’ हा फुटबॉल संघ उभा राहिला. काबिली हे तेथील बर्बर लोकांच्या मुलखाचे नाव. स्वातंत्र्यानंतरही त्यांच्या भाषेला सरकारदरबारी स्थान नव्हते. मग स्टेडियम हीच त्यांची सभा झाली. १९७७ च्या चषक अंतिम सामन्यात राष्ट्राध्यक्ष बुमेदीन यांच्यादेखत बर्बर घोषणा झाल्या. पुढे क्रीडासुधारणेच्या नावाखाली संघ सरकारी कंपनीकडे गेला आणि ‘काबिली’ हा शब्दच गळाला. नावाची किंमत आपल्या वाचकांना मी काय सांगावी! त्या लादलेल्या नावानेच पोरांनी १९८१ साली आफ्रिकेचा चषक जिंकला. १९९० साली पुन्हा जिंकला, तेव्हा मूळ नाव परत मिळालेले होते. भाषेला मात्र राजभाषेचा दर्जा मिळायला २०१६ साल उजाडले.