'दुकान बंद' हा शेरा कोणाच्या फायद्याचा?

टपाल वेळेवर पोचते असे वर दाखवायचे असले की एक सोपा मार्ग असतो. पाकीट पोचले नाही तरी 'प्रयत्न केला' अशी नोंद करून टाकायची. घड्याळ तिथेच थांबते. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या महानिरीक्षकांना तपासणीत हेच वारंवार आढळले. पार्सल कचेरीत पडून आणि नोंद मात्र वाटपाची. इटलीत २०२० साली पोस्टे इटालियाने या कंपनीला ५० लाख युरो दंड झाला, कारण लोक घरात असतानाही रजिस्टर पत्र न देता नुसती चिठ्ठी सोडली जात होती.

इतवारी, गांधीबाग, मोमिनपुऱ्यातल्या दुकानदाराला हा प्रकार केवळ उशिराचा नाही. चेक न वटल्याची नोटीस टपालानेच येते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ खाली खटला. पत्ता बरोबर असून पाकीट 'दुकान बंद' शेऱ्याने परत गेले, तरी नोटीस पोचली असेच कोर्ट धरून चालते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सी. सी. अलवी हाजी खटल्यात १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ वर बोट ठेवून हे सांगितले. उलट सिद्ध करणे आपल्या गळ्यात! जुम्म्याला दुपारी तासभर शटर खाली असताना पडलेला शेरा आणि कोणी फिरकलेच नसताना पडलेला शेरा, कागदावर दोन्हींचे वजन सारखेच.

पोस्टमनला आम्ही दोष देत नाही. थैली जड आणि वरून टक्केवारीचा तगादा, मग माणूस काय करील? पण ज्या शेऱ्यावर व्यापारी आरोपी ठरू शकतो, तो कोणाच्याही कामगिरीत जमेस धरू नये, एवढे आमचे म्हणणे आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामील झाले आणि पुढे ओटीपी सांगून वाटपाची सोयही आली. पाकीट हाती पडल्याचा तो पुरावा चांगला. पण कोणी आलेच नव्हते, हे त्यातून कसे निघणार?

तोवर रोजची बिलबुके वेळेसह जपा. खोटा शेरा दिसला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करून पोच घ्या. आणि नोटीस खरोखर मिळालीच नसेल, तर समन्स हाती पडल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरून कोर्टाला तसे सांगता येते, हेही त्याच निकालात आहे. समन्स मिळाल्याची तारीख मात्र लिहून ठेवा.