जुन्या वस्तूंचा संग्रह : ‘मेन’ युद्धनौकेची आठवण

घरांत जुनीं पदकें, नाणीं वा तिकिटें जमविणारें कोणी असेल, तर त्यानें ‘मेन’ या अमेरिकन युद्धनौकेच्या स्मृतिचिन्हांची हकीकत अवश्य समजून घ्यावी. लाकडी जहाजांचा काळ मागें सारून अमेरिकेनें जें पोलादी आरमार उभारलें, त्यांतील ही आरंभींची नौका. १८९५ च्या सप्टेंबरांत ती नौदलांत दाखल झाली, आणि अडीच वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्रीं, हवाना बंदरांत प्रचंड स्फोट होऊन बुडाली. अडीचशेंहून अधिक लोक प्राणांस मुकले.

क्यूबा तेव्हां स्पेनच्या ताब्यांत होता. चौकशी मंडळानें सुरुंगामुळें स्फोट झाल्याचें ठरविलें. सुरुंग कोणाचा, हें मात्र सांगितलें नाहीं. तें लोकांनींच ठरवून टाकलें! ‘मेनची आठवण ठेवा’ अशी आरोळी उठली आणि तीच अक्षरें बिल्ले, चमचे, बशा, गाण्यांच्या छापील प्रती यांवर घरोघर पोंचलीं. एप्रिलांत युद्ध जुंपलें. वर्षअखेरच्या पॅरिसच्या तहानें फिलिपाइन्स, ग्वाम व पोर्तो रिको अमेरिकेच्या हातीं आले.

पुढें १९११ सालीं बुडालेल्या सांगाड्याभोंवतीं बांध घालून पाणी उपसण्यांत आलें. दुसऱ्या मंडळानेंहि स्फोट बाहेरचाच ठरविला. परंतु त्याची जागा निराळी सांगितली. १९१२ च्या मार्चांत उरलेल्या सांगाड्यास खोल समुद्रांत जलसमाधि देण्यांत आली. एक डोलकाठी आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमींत, तर दुसरी अॅनापोलिसच्या नौदल विद्यालयांत उभी आहे. वर काढलेल्या धातूंतून १९१३ सालीं शिल्पकार चार्ल्स केक यांच्या नमुन्याबरहुकूम स्मृतिफलक ओतण्यांत आले व ते गांवोगांवीं लागले.

एवढें झाल्यावर १९७६ सालीं अॅडमिरल रिकोव्हर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोळशाच्या कोठारांत आपोआप धुमसलेल्या आगीनें शेजारचा दारूसांठा पेटला असावा, सुरुंगाचा पुरावा दिसत नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. १९९८ च्या संगणकीय अभ्यासानें सुरुंगाची शक्यता पुन्हां मोकळी ठेवली. म्हणजे ज्या आरोळीनें युद्ध पेटलें, तिचा आधार आजहि निर्विवाद नाहीं.

म्हणून १८९८ चा बिल्ला खरा असला, तरी त्यावरील आरोप खरा ठरत नाहीं. त्या वर्षीं लोक काय मानीत होते, एवढीच त्याची साक्ष. आणि तिचें मोल कमी नव्हे. संग्राहकानें प्रत्येक वस्तूसोबत ती कोठून, केव्हां व कोणाकडून मिळाली याची चिठ्ठी ठेवावी; शेजारीं सर्व चौकशांचें सार लिहून ठेवावें. घरांतील मुलें कपाट उघडतील तेव्हां त्यांना राग आणि शोध दोन्ही एकाच खणांत सांपडले पाहिजेत.