बंदूक म्हणजे तपेली नव्हे!

दिवाळी आली की घरोघरी चिंच आणि राख बाहेर निघते. समया लखलखतात, परातीत तोंड पाहून घ्यावे. तेथवर आमची काही तक्रार नाही. परंतु त्याच उत्साहाच्या भरात कपाटातली आजोबांची परवान्याची दुनळी काढून तिच्यावर पॉलिश पेपर चालविणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगावेसे वाटते : बाबांनो, आवरा!

बाहेर घोडे असलेल्या काडतुसी बंदुका लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनानंतर इंग्लंडात रुजल्या. १८७५ मध्ये अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत दडविले आणि त्यांचा जमाना ओसरू लागला. त्यांच्या डमास्कस नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पीळ दिलेल्या कांबी गुंडाळून, तापवून, ठोकून घडवीत. पिळाचे मोल सोलापूरच्या विणकराला का सांगायला हवे? मग नळीवर मुद्दाम गंज चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. तेव्हा कोठे तपकिरी नक्षी उमटे. घोड्यांखालचा पोलादी सांगाडा हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवीत. त्यावर निळ्या-जांभळ्या छटा येत. अक्रोडाच्या दस्त्यात जवसाचे तेल मुरवीत.

ही कांती अगदी पातळ. कोठे तळहात टेकला तेथे ती झिजते, पुढच्या लाकडाखाली झाकलेली मात्र शाबूत राहते. जाणकार तीच वाचतो. तुमच्या एका दुपारच्या घासण्याने ती पोथी कोरी होते. रंग पुन्हा देता येतो. पण तो आजचा रंग, कालचा नव्हे.

कोणी म्हणेल, ज्या बंदुकांनी आमच्या माळावरचा माळढोक टिपला, त्यांचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, १९७९ मध्ये नान्नजचे अभयारण्य झाले, हे उत्तमच झाले. परंतु पुरावा घासून टाकल्याने पाप धुतले जात नाही. फक्त साक्षीदार मुका होतो.

अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी तेथील राजवाड्यातले शस्त्रागार स्वामींच्या दर्शनाला गेलेली मंडळी आजही पाहतात. पण वाड्यावाड्यांतल्या एकेकट्या बंदुकांचे काय? २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्याच हिशेबात. कायदा पाळलाच पाहिजे. मात्र बंदूक जमा करण्यापूर्वी तिच्यावरचे कारागिराचे नाव, क्रमांक, चाचणीचे शिक्के आणि उरलेले रंग यांची छायाचित्रांसह नोंद ठेवायला कोणता कायदा आडवा येतो?

तेव्हा यंदा मऊ फडके आणि तेलाचा एक थेंब, एवढेच पुरे. त्या जुन्या नळीत नवे काडतूस तर चुकूनही घालू नका, फुटेल. चमक हवीच असेल, तर समया आहेतच की!