मागचे इंडिकेटर बदलताना

हसनाबादसारख्या गावात आता घरोघरी मोटारसायकल आहे. खताची गोणी तिच्यावर, चाऱ्याचा भारा तिच्यावर आणि अंगारकीला राजूरच्या गणपतीचे दर्शनही तिच्यावरच. पण तिचे मागचे इंडिकेटर चालू आहेत की नाहीत, हे किती जण पाहतात? डांबरी रस्ता सोडून शेताच्या वाटेला वळताना मागून ट्रक येत असतो. दिवेलागणीला त्या ड्रायव्हरला आपला हात दिसत नाही. दिसला तर दिवाच दिसतो.

म्हणून पुष्कळ तरुण मंडळी मागे एलईडी दिवे बसवतात. विचार चांगला आहे. साध्या बल्बमध्ये बारीक तार तापून उजेड पडतो आणि खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांनी ती तुटते. एलईडीत अशी तार नसते, त्यामुळे तो जास्त टिकतो. साधा बल्ब बहुधा १० वॅटचा असतो, एलईडीला एक-दोन वॅट पुरतात. बॅटरीवरचा भार तेवढा हलका होतो.

पण दिवे बदलताच इंडिकेटर भराभर लुकलुकू लागतो, किंवा न लुकलुकता नुसताच जळत राहतो. मग लोक एलईडीला नावे ठेवतात. खरे कारण फ्लॅशरमध्ये असते. जुना फ्लॅशर विजेच्या भारावर चालतो. एका बाजूचे पुढचा व मागचा मिळून २० वॅट त्याला हवे असतात. मागे एलईडी आला की भार ११-१२ वॅटवर येतो आणि त्याची चाल बिघडते. तेव्हा एलईडीसाठी मिळणारा फ्लॅशरही सोबत घ्यावा. त्याच्या पिना जुन्याशी जुळतात ना, ते पाहावे. काही मेकॅनिक वायरमध्ये रेझिस्टर जोडून काम भागवतात. पण तो तापतो आणि वाचलेली वीज त्यातच जाते. प्लास्टिकजवळ तर तो बसवूच नये.

खरेदीला जाताना जुना बल्ब खिशात टाकून न्यावा. गाडी १२ व्होल्टची की ६ व्होल्टची, ते विचारून घ्यावे. काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात. एलईडीला धन-ऋण असते, वायर उलटी लागली तर तो पेटत नाही. रंग नारिंगी-पिवळाच हवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसे सांगितले आहे. लुकलुकणेही मिनिटाला ६० ते १२० वेळा असावे, असा त्यात नियम आहे. घड्याळ हातात धरून एक मिनिट मोजले की काम नीट झाले की नाही ते कळते. मग भर उन्हात वीस पावले मागे उभे राहून दिवा दिसतो का, तेही पाहावे.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल दिव्याच्या काचेवर बसतो, तो ओल्या फडक्याने रोज पुसावा. आणि चाऱ्याचा भारा बांधताना दोन्ही दिवे मोकळे राहतील असा बांधावा. भाऱ्याआड गेलेला दिवा साधा काय नि एलईडी काय, मागच्या ट्रकवाल्याला सारखाच.