जुनी गाडी आणि पेट्रोलचा हिशेब

चेन्नईच्या दक्षिणेस वंडलूर येथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीचा कारखाना होता. हेराल्ड आणि गॅझेल या तिच्याच गाड्या. १९८५ मध्ये या कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ ही प्रतिष्ठेची गाडी बाजारात आणली. बाह्यरूप ब्रिटिश रोव्हरचे, इंजिन मात्र जुन्या धाटणीचे, दोन लिटरचे. किंमत भारी, पेट्रोलची भूकही भारी. आणि पुढे तिच्या इंधनक्षमतेच्या आकड्यांवरूनच वाद उद्भवला. १९८८ मध्ये उत्पादन थांबले. सांगितलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९८ पासून तयार झालेल्या सँट्रो आणि मरैमलई नगरच्या आयकॉन या चेन्नईच्याच गाड्या. बदलीवर तेथे गेलेला मराठी कर्मचारी अशी एखादी जुनी गाडी घेतो आणि काही महिन्यांत तक्रार करू लागतो, की पूर्वी तेरा किलोमीटर देणारी गाडी आता नऊच देते. पाठोपाठ प्लग, फिल्टर, पेट्रोल पंप असे सुटे भाग एकामागून एक बदलले जातात. निदानाआधीच उपचार करण्याची ही रीत सर्वांत महाग पडते.

मुळात तेरा आणि नऊ हे आकडे आले कोठून? बहुतेकदा पहिला विक्रेत्याच्या तोंडून आणि दुसरा काट्याच्या अंदाजावरून. विश्वसनीय पद्धत एकच आहे. टाकी नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, तीनेकशे किलोमीटर गाडी चालवून त्याच पंपावर त्याच रीतीने पुन्हा भरावी, आणि अंतराला भरलेल्या लिटरांनी भागावे. ३२० किलोमीटरला २८ लिटर लागले, तर उत्तर ११.४ येते. असे निदान तीन वेळा करावे. (चेन्नईच्या गॅरेजात ज्याला मायलेज म्हणतात, त्याला महाराष्ट्रात ॲव्हरेज म्हणतात, आणि सरासरी एका नोंदीवरून निघत नाही, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे.) टायर मूळ मापापेक्षा मोठे बसविले असतील, तर किलोमीटर कमी नोंदले जातात आणि गाडी विनाकारण बदनाम होते, हेही पाहावे.

अलीकडे सारा दोष इथेनॉलवर टाकण्याची प्रथा पडली आहे. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व दहा टक्के मिश्रणास जुळवून घेतलेल्या चारचाकींत वीस टक्के इथेनॉलमुळे इंधनक्षमता सुमारे ६ ते ७ टक्के घटते. तेरावरून नऊ म्हणजे सुमारे ३१ टक्के घट. उरलेल्या चोवीस टक्क्यांचा जाब गाडीलाच विचारावा लागेल.

शोधाची सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टींपासून व्हावी. टायर थंड असताना हवा तपासावी. फेरी मारून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन एखादे चाक इतरांहून अधिक तापले आहे का, ते पाहावे. समुद्राची खारी हवा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पावसाळा यांमुळे तेथे ब्रेकच्या पिना गंजतात, हँडब्रेकची तार अडकते, आणि गाडी अर्धवट ब्रेक लावूनच धावत राहते.

दुसरी खूण खिशातच असते. पीयूसीच्या कागदावरील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा सहसा कोणी वाचत नाही. भारत स्टेज दोन व तीनच्या पेट्रोल गाड्यांसाठी त्याची मर्यादा ०.५ टक्के आहे. गतवर्षी ०.१ असलेला आकडा यंदा ०.४ झाला, तर गाडी उत्तीर्ण ठरते खरी. पण पेट्रोल अधिक, हवा कमी असे मिश्रण जळत असल्याची ती सूचना असते.

असे मिश्रण होण्याचे एक कारण उष्ण शहरांत विशेष आढळते. इंजिन तापू नये म्हणून जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. हेतू चांगला, परिणाम उलटा. इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही. ते अद्याप थंड आहे असे समजून नियंत्रक यंत्रणा जादा पेट्रोल देत राहते. तापमान दर्शविणारा सेन्सर बिघडला तरी हेच घडते. ऑक्सिजन सेन्सर मंदावला असेल, तर इशाऱ्याचा दिवा न लागताही खप वाढतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत अडकलेला चोक आणि फ्लोटची चुकलेली पातळी आधी पाहावी.

दुरुस्ती मात्र एका वेळी एकच करावी आणि पुढच्या टाकीचा हिशेब पाहून मगच दुसरीस हात घालावा. एवढे करूनही फरक न पडल्यास सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासणे भाग आहे. ते कमी भरले, तर पुढचा निर्णय रुपयांत करावा. वर्षाला ६,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीने नवाऐवजी बारा किलोमीटर दिले, तर सुमारे १६७ लिटर वाचतात. लिटरला शंभर रुपये धरल्यास १६,७०० रुपये. गाडी याच्या निम्मीच धावत असेल, तर बचत आठ हजारांच्या आसपास राहते, आणि इंजिन उघडण्याचा खर्च त्यातून भरून निघण्यास बरीच वर्षे लागतात.