तुरुंगात देव असावा, नोंदवहीत नसावा

फेब्रुवारी 2025 मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्यातून संगमाचे पाणी उत्तर प्रदेशातल्या 75 तुरुंगांत नेले गेले आणि तिथल्या बंद्यांच्या स्नानाची सोय करण्यात आली. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. निफाड तालुका गोदाकाठचा. नांदूरमध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते. इथल्या न्यायालयातून कोठडीत गेलेल्या माणसाची वाट बहुधा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाकडे जाते. गोदावरीचे पाणी त्या भिंतींच्या आतही पोहोचवा, अशी मागणी उद्या झाली तर तिला उत्तर काय द्यायचे, याचा विचार मेळ्याच्या गर्दीत होणार नाही. तो आत्ताच व्हायला हवा.

मागणी करणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते, श्रद्धा काढून घेत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने दिलेला धर्मस्वातंत्र्याचा हक्क तुरुंगाच्या दारात संपत नाही. बंद्यांच्या वागणुकीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांतही धर्मग्रंथ जवळ ठेवण्याची आणि धर्मोपदेशकाला भेटण्याची मुभा आहे. संध्याकाळी बंद्यांची मोजदाद होते, बराकीला कुलूप लागते आणि मग सकाळपर्यंत करण्यासारखे काही उरत नाही. खटल्याची चिंता, घरची आठवण आणि शेजारच्या पथारीवरचा अनोळखी माणूस एवढ्यावर रात्र काढायची असते. त्या वेळी कोणी हरिपाठ म्हणतो, कोणी नमाज पढतो, कोणी बुद्धवंदना करतो. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यासाठी जेवणाच्या वेळा बदलाव्या लागतात, आणि त्या बदलल्या जातात. याला लाड म्हणणाऱ्याने अशी एक रात्र डोळ्यांपुढे आणून पाहावी.

मराठी माणसाजवळ या बाजूने सांगण्यासारखी मोठी परंपराही आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आले. मात्र हे उदाहरण जपून वापरायला हवे. धुळ्यातले ते श्रोते सत्याग्रही होते, देशासाठी स्वखुशीने आत गेलेले. चोरी, मारहाण किंवा खून करून आलेल्या माणसाचे मन कसे वळते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

त्यासाठी चंबळकडे पाहावे लागते. 1960 मध्ये विनोबांपुढे आणि 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे तिथल्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली. विनोबांच्या शब्दाला जे वजन होते ते एखाद्या पोलीस अधिकाऱ्याच्या शब्दाला आले नसते, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या बाजूने, 1972 च्या शरणागतीमागे फाशी न देण्याची हमी होती, खुला तुरुंग होता, कुटुंबांच्या पोटापाण्याचा विचार होता. मन वळवले ते साधुत्वाने; वळलेले मन टिकायला या बाकीच्या गोष्टी लागल्या.

विरोधी बाजूचे आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा, की 2022 च्या अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतले सुमारे 76 टक्के लोक कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. अशा माणसाला ‘पापक्षालना’साठी स्नान घालणे म्हणजे निकालाआधीच त्याला पापी ठरवणे होय. श्रद्धाळू कच्च्या कैद्याला ते स्नान हवेहवेसे वाटेलही. पण त्याचा अर्थ त्याने ठरवावा, शासनाने नव्हे.

दुसरा आक्षेप बरोबरीचा आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांमधली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. स्वयंपाक वरच्या जातींकडे आणि झाडलोट खालच्या जातींकडे, असे नियम इतकी वर्षे तिथे टिकून होते. शुद्धाशुद्धतेची ही कल्पना धर्माचाच हात धरून आत आली होती. म्हणून एखाद्या तुरुंगात एकाच धर्माचे सण थाटात आणि बाकीच्यांचे परवानगीपुरते होऊ लागले, तर अल्पसंख्य किंवा नास्तिक बंद्याने धास्तावणे स्वाभाविक आहे. भिंतीबाहेर ज्याला ते आवडत नाही तो उठून जाऊ शकतो. इथे तो जाणार कुठे?

तिसरा मुद्दा परिणामांचा, आणि तो सर्वांत अवघड. टेक्सासमध्ये एका ख्रिस्ती संस्थेने चालवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी सुटकेनंतर दोन वर्षांत 8 टक्के पुन्हा तुरुंगात गेले, तर तुलनेसाठी निवडलेल्या बंद्यांपैकी 20 टक्के. पहिल्या नजरेत हा मोठाच विजय वाटतो. परंतु कार्यक्रम सुरू करणारे 177 होते आणि पूर्ण करणारे 75. त्या सगळ्या 177 जणांचा हिशोब केला की परत जाणाऱ्यांचे प्रमाण 24 टक्के भरते. पूर्ण करण्याच्या अटींत सुटल्यावर नोकरी टिकवणेही होते. म्हणजे जे सावरले तेच उत्तीर्ण मोजले गेले. यावरून धर्म निरुपयोगी ठरत नाही. ज्यांच्या आयुष्याला खरेच वळण लागले असे लोक त्या 75 मध्ये असतीलच. एवढेच दिसते, की भक्ती हे सर्वांना लागू पडणारे औषध नाही. त्याच संस्थेचा आयोवातला कार्यक्रम तिथल्या न्यायालयाने 2006 मध्ये घटनाबाह्य ठरवला. तिथे सरकारी पैसा होता आणि सहभागी बंद्यांना राहायला चांगली जागा मिळत होती.

आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. प्रार्थनेच्या बदल्यात काही मिळू लागले की प्रार्थना करणाऱ्याचे मन कोणालाच कळेनासे होते, कदाचित त्याचे त्यालाही. निफाडमध्ये जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे प्रार्थना समाजाचे अध्वर्यू होते. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापानावरून सनातन्यांनी उठवलेल्या वादात त्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनाच त्याचे वाईट वाटले. रानड्यांसारख्या माणसालाही आप्तमित्रांसाठी मान तुकवावी लागली. मग ज्याची रजा, काम आणि सूट अधिकाऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्या होकाराला पूर्ण स्वेच्छा म्हणणे कठीण आहे.

तरीही धर्माला तुरुंगाबाहेर ठेवावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने बंद्याचा हक्क जातो आणि ज्यांना खरोखर आधार मिळतो त्यांचे नुकसान होते. इगतपुरीच्या विपश्यनेची शिबिरे 1994 मध्ये तिहारमध्ये हजारावर बंद्यांनी केली. ती अनेकांच्या कामी आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमचा कल असा, की धर्माला दार मोकळे असावे, पण बंद्याच्या वर्तणुकीच्या अहवालात त्याला रकाना नसावा. कोण आरतीला बसतो, कोण बसत नाही, याची नोंदच होऊ नये. मंडेला नियमांत धर्मोपदेशकाची भेट नाकारणाऱ्याच्या मताचाही आदर करायला सांगितले आहे, ते सहसा विसरले जाते. शिक्षेतली सूट शिक्षणाला आणि कामाला जोडावी. नाशिकरोडच्या बंद्यांच्या हातच्या शाडूच्या गणेशमूर्ती नाशिककर विकत घेतात. मूर्ती घडवणाऱ्याची त्या देवावर श्रद्धा आहे का, हे विचारायचे कारण नाही. शाडू मळायला, साचा सोडवायला, सोंडेची रेघ हाताने साफ करायला तो शिकला, हे बाहेर आल्यावर त्याच्या कामी येईल.

सिंहस्थात गोदावरीचे पाणी नाशिकरोडला जावे, ज्याला हवे त्याने ते घ्यावे. ईदला, बुद्धपौर्णिमेला, नाताळला हीच तत्परता दिसावी. मात्र तुरुंगात टाळ-मृदंग देऊन येणाऱ्या संस्थांकडे आणि गावोगावच्या मंडळांकडे आमची याहून मोठी मागणी आहे. सुटलेला माणूस निफाडला, पिंपळगावला, लासलगावला परत येतो, तेव्हा द्राक्षबागेच्या छाटणीला त्याला कोणी बोलवत नाही आणि कांद्याच्या खळ्यावर कोणी उभे करत नाही. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या निघतात. तिथे विणेकऱ्याला, टाळकऱ्याला मान आहे, शब्द आहे. त्यांनी एखाद्या बागायतदाराला सांगितले, की ‘याला कामावर घ्या, आम्ही ओळखतो’, तर त्या माणसाला पहिली मजुरी मिळेल. हे काम शासनाच्या हातचे नाही, आणि त्यात कोणावर जबरदस्तीही होत नाही.