‘आयुष्यभराचे तेल’ – पण कोणाच्या आयुष्यभराचे?

हायब्रिड मोटारींच्या गिअरबॉक्सला देखभालच लागत नाही, असे विक्रेत्यांच्या तोंडून सर्रास ऐकू येते. मध्यमवर्गीय माणूस वर्षानुवर्षांची बचत अशा वाहनात घालतो. तेव्हा या विधानाची छाननी होणे अगत्याचे आहे.

त्यातील सत्यांश प्रथम मान्य केला पाहिजे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये नेहमीच्या अर्थाचा गिअरबॉक्स नाहीच. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे आणि त्यांना वेढणारे बाह्यचक्र, एवढाच दातेरी चाकांचा संच. इंजिन ग्रहचक्रांच्या सांगाड्याला, एक विद्युत्-यंत्र सूर्यचक्राला, तर दुसरे यंत्र व गाडीची चाके बाह्यचक्राला जोडलेली. सूर्यचक्राला ३० व बाह्यचक्राला ७८ दाते असल्याने इंजिनाच्या फिरविण्याच्या जोरापैकी सुमारे ७२ टक्के जोर चाकांकडे जातो. उरलेल्यातून वीज निर्माण होते. पहिल्या यंत्राचा वेग बदलला की इंजिनाचा वेग हवा तसा राखता येतो. क्लच नाही, पट्टा नाही, रिव्हर्स गिअरही नाही. साहजिकच झीज कमी. २०२२ मध्ये भारतात आलेल्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड प्रकारात हेच तत्त्व आहे. सौम्य हायब्रिड गाड्यांत मात्र बहुधा साधाच गिअरबॉक्स असतो.

तथापि कमी झीज म्हणजे शून्य देखभाल नव्हे. या संचातील तेल वंगणाचे काम करते, तसेच विद्युत्-यंत्रांची उष्णताही वाहून नेते. उष्णतेने आणि धातूच्या सूक्ष्म कणांनी ते कालांतराने खराब होणारच. इन्व्हर्टरचे शीतक व बॅटरीच्या पंख्याची जाळी यांकडेही लक्ष हवे. वेग कमी करण्याचे काम बरेचसे विद्युत्-यंत्रच करीत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात आणि दमट हवेत गंजून अडकू शकतात.

मग ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणजे कोणाच्या आयुष्यभराचे? पहिला मालक काही वर्षांत गाडी विकतो. हमीची मुदतही संपते. टाळलेल्या खर्चाचा लाभ त्याला आणि कारखानदाराच्या जाहिरातीला. भार मात्र जुनी गाडी घेणाऱ्या शिक्षकावर वा कारकुनावर. आजचा खर्च उद्याच्या अनोळखी माणसाच्या माथी मारण्याचाच हा प्रकार होय.

म्हणून तेल बदलण्याचे अंतर कारखानदाराने लेखी द्यावे आणि जुन्या गाडीबरोबर देखभालीची नोंद देणे सक्तीचे व्हावे. नारिंगी आवरणाच्या तारांतून शेकडो व्होल्टची वीज खेळत असते. ती सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण आयटीआयच्या प्रत्येक मोटार मेकॅनिकला मिळावे. अन्यथा पेट्रोलवर वाचलेला पैसा दुरुस्तीत जाईल, आणि तोही दुसऱ्याच्याच खिशातून.